बेटावरची सवत

१

सरांच्या पट्टराणीची वाचा कोणीतरी चोरून नेली, ही बातमी सर्व्हेयरांना गुरुवारी सकाळी अर्धी दाढी झालेली असताना कळली, आणि त्यांच्या मनात पहिला भाव उमटला तो आनंदाचा. शरमही वाटली, नाही असं नाही. पण ती उरलेली दाढी आटोपल्यावर.

पट्टराणी म्हणजे सरांचा रेडिओ. ‘रेडिओ’ हा शब्द मात्र त्या घरात चालत नसे. ‘सेट’ म्हणायचं. सागवानी पेटी, हस्तिदंती रंगाच्या घुंड्या, आत दिव्यांसारख्या काचेच्या व्हॉल्व्हांची रांग आणि दर्शनी भागावर एक हिरवा डोळा. हा डोळाही एक व्हॉल्व्हच. स्टेशन नेमकं लागलं की तो उन्हातल्या मांजरासारखा मिटत येतो. लागलं नाही की टक्क उघडा राहून माणसाची कीव करतो. सर्व्हेयरांच्या सेटला डोळा नव्हता. ही गोष्ट त्यांना रोज पहाटे नव्याने समजे.

घरातल्या माणसाचं ऐकायचं नाही, पण सात समुद्रांपलीकडल्या परक्या बंदरातला हवामानाचा अंदाज श्वास रोखून ऐकायचा, असा हा शॉर्टवेव्हचा छंद. तो करणारे तिघे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर, दातांचे डॉक्टर, आणि सर्व्हेयर, ज्यांचा जन्म विमा कंपनीसाठी जळकी गोदामं तपासण्यात गेला होता. तिघांचं एकमेकांवर फार प्रेम होतं. म्हणजे दुसऱ्याला काय ऐकू आलं हे कळलं, की पहिल्याला त्या दिवशी जेवण जात नसे.

त्यातही बेट सरांचं. दूर कुठंतरी समुद्रात एक चिमुकलं बेट, त्याचं चिमुकलं स्टेशन, आणि ते पकडायला पहाटेची थोडकी मिनिटं. डॉक्टरांच्या पाच सेटांवर तिथं फक्त खरखर येई, सर्व्हेयरांच्या एका सेटवर तीही धड नाही. सर मात्र बुधवारच्या चहाला सांगत, “आज ती म्हणाली, वारा पडलाय. मासळी स्वस्त.” ती म्हणजे निवेदिका. भाषा परकी, पण ऐकून ऐकून कळायला लागली म्हणे. आवाज कसा, तर नव्या मडक्यातल्या पाण्यासारखा. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तिला ‘माझी सवत’ म्हणत. गमतीनं म्हणत, असं सगळे धरून चालत.

आता ते स्टेशन कायमचं बंद व्हायचं होतं, तशी बातमीच छापून आली होती. रविवारी पहाटे शेवटचं प्रसारण. आणि गुरुवारी सेट मुका.

“भावजी, पोलिसांना काय सांगू?” वहिनी फोनवर म्हणाल्या. सर स्वतः हल्ली फोनला हात लावत नसत. फोन ही फारच खालच्या दर्जाची यंत्रणा आहे, असं त्यांचं मत झालं होतं. “पेटी जागच्या जागी आहे. आतलं एक काचेचं गेलंय. तुम्ही या.”

सर्व्हेयर गेले. सरांनी त्यांना खिडकीसमोरच्या खुर्चीत, तोंडावर उजेड येईल असं बसवलं आणि स्वतः खिडकीला पाठ देऊन बसले. ही त्यांची आवडती बैठक. सर्व्हेयरांनी विचारलं, मागची फळी तुम्ही उघडली की उघडीच होती?

“काय?” सर म्हणाले. “अहो, मिशीतल्या मिशीत काय बोलता?”

पुन्हा विचारल्यावर कळलं, की फळी बंद होती, चारी स्क्रू नीट पिळलेले. बुधवारी पहाटे सेट उत्तम चालला होता, गुरुवारी मुका निघाला. मधे फक्त बुधवारचा चहा. तेव्हा डॉक्टर, सरांचा भाचा आणि स्वतः सर्व्हेयर, प्रत्येक जण कधी ना कधी त्या खोलीत एकटा जाऊन आलेला.

सर्व्हेयरांनी सेट लावून पाहिला. दिवे लागले, हिरवा डोळा उघडला. घुंडी फिरवली तसा तो कुठल्याशा स्टेशनावर हळूच मिटलाही. आवाज मात्र टाचणीएवढा नाही. आतला एकच खण रिकामा होता. बाकीच्या व्हॉल्व्हांनी पकडलेला आवाज शेवटी कर्ण्यात आणि हेडफोनमध्ये ढकलणारा, तेवढाच नेमका गेला होता. धुळीत त्याचं गोल बूड उमटलेलं होतं.

“आंधळी नाही झाली,” सर्व्हेयर म्हणाले. “फक्त मुकी. वहिनी, चोर माहीतगार आहे.”

“म्हणजे तुमच्यातलाच,” वहिनी म्हणाल्या आणि सर्व्हेयरांच्या खिशाकडे बघत राहिल्या.

२

त्या बघण्यात अन्याय होता, पण फार नव्हता. बुधवारी त्या खोलीत सर्व्हेयर एकटे होते तेव्हा त्यांनी हिरव्या डोळ्याच्या काचेवरून बोट फिरवलं होतं. जरा जास्तच वेळ. मनात एक विचार आला होता, तो त्यांनी चहाबरोबर गिळला. त्यामुळे चोर शोधणं त्यांना भागच होतं. नाहीतर उद्या स्वतःच स्वतःवर विश्वास ठेवला नसता.

डॉक्टर दवाखान्यात एका माणसाच्या जबड्यात दोन्ही हात घालून उभे होते. त्या माणसाला बोलता येत नव्हतं, त्यामुळे साक्षीदार म्हणून तो आदर्श होता.

डॉक्टरांनी तोंडावरच्या फडक्याआडून मोकळेपणाने कबूल केलं, की सरांच्या बेटानं त्यांची झोप उडवली आहे. पाच सेट घेतले, छपरावर तार ताणली, शेजाऱ्याशी भांडण झालं, आणि मिळालं काय, तर स्वतःच्याच इन्व्हर्टरची गुणगुण. सरांचा सेट फोडावा असं वाटलं का? वाटलं. कितीदा? दर बुधवारी.

“पण मी चोरलं असतं, तर डोळा चोरला असता,” डॉक्टर म्हणाले. “तसला डोळा आता पैसे देऊनही मिळत नाही. तो शेवटचा व्हॉल्व्ह काय, माझ्याकडे डबाभर पडलेत. आज सकाळीच एक नेऊन दिला त्यांना.”

“मग?”

“मग काय. घेतला नाही. म्हणे, परक्याचा व्हॉल्व्ह माझ्या सेटला मानवत नाही. सेट आहे की जावई?” डॉक्टरांनी चिमटा जरा जोरात ओढला आणि खुर्चीतला माणूस कण्हला. “आता दातांनाही माझ्याकडे येत नाहीत. म्हणे, तू फडकं बांधून पुटपुटतोस. अहो, फडकं काय आज बांधायला लागलो? इतकी वर्षं याच फडक्यातून बोललो, तेव्हा सगळं कळत होतं.”

सर्व्हेयर उठले. दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून डॉक्टर म्हणाले, “राग मानू नका, पण माझा संशय तुमच्यावर आहे.”

खुर्चीतल्या माणसानं, तोंड उघडं ठेवूनच, मान डोलावली.

३

भाच्याचं जुन्या सामानाचं दुकान होतं. माणसं जे टाकून देतात ते तो घेई, आणि त्याच माणसांच्या मुलांना विके. मामांच्या सेटवर त्याचा डोळा होता हे त्यानं लपवलं नाही. पेटी देखणी होती. आतला पसारा काढून टाकायचा, एक दिवा बसवायचा, की कुठल्याही हॉटेलच्या दर्शनी भागात शोभली असती.

“एकच व्हॉल्व्ह कशाला काढू, काका? मी काढले असते तर सगळे काढले असते,” तो म्हणाला, आणि त्या बोलण्यात इतका धंदेवाईक प्रामाणिकपणा होता, की सर्व्हेयरांनी त्याचं नाव मनातल्या मनात खोडलं. “मामीला विचारा ना. रविवारी सगळ्यांना पहाटे बोलवायचा घाट तिचाच. मामा आधी नको नको म्हणत होते.”

ही बातमी नवी होती. आजवर सरांनी पहाटे कुणाला बोलावलं नव्हतं. बेट ऐकायचं ते हेडफोन लावून, एकट्यानं. इतरांनी ऐकायचं ते सरांच्या तोंडून.

शुक्रवारी सर्व्हेयर वहिनींना भेटले. सर बाहेर गेले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि न विचारताच बोलायला लागल्या, कारण इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

हो, घाट त्यांचाच. म्हटलं, जाता जाता एकदा ऐकू तरी या बाईचा आवाज. जिच्यासाठी नवरा अंधारात उठतो, बायकोच्या अंगावरचं पांघरूण सरकतं तेही सावरत नाही, ती बोलते तरी कशी? व्हॉल्व्ह त्यांनी कशाला काढावा? त्यांना तर रविवार हवा होता.

“आणि इथं मी बोलते, ते जातं कुठे?” त्या म्हणाल्या. “पाठीमागून हाक मारली तर भिंतीला सांगितल्यासारखं. समोर जाऊन उभं राहिलं, की मग हं, काय म्हणालीस. तिचं बरं पहिल्या झटक्यात कळतं. बेटावरून.”

सर्व्हेयरांचं स्वतःचं लग्न झालेलं असल्यामुळे त्यांना यात पुरावा असा काही दिसला नाही. त्यांनी कप खाली ठेवला. जाता जाता, केवळ सौजन्य म्हणून, विचारलं, की सरांना फारच धक्का बसला असेल, नाही?

“धक्का कसला? आजही पहाटे बसलेच होते त्या मुक्या पेटीपुढे. तिच्या डोळ्यात डोळे घालून. चेहऱ्यावर हसू.” वहिनींनी दोन्ही तळवे कानांवर ठेवून दाखवले. “आणि कानाला हेडफोन, भावजी. हेडफोन लावले होते.”

४

जळक्या गोदामांनी सर्व्हेयरांना एकच गोष्ट शिकवली होती. आग कोणी लावली ते नंतर. आधी बघायचं, काय जळायचं राहिलं. ज्याचं गोदाम त्यानंच पेटवलेलं असतं, त्याचा आवडता पंखा आदल्या दिवशी नेमका घरी गेलेला असतो.

ते घरी येऊन आपल्या बिनडोळ्याच्या सेटसमोर बसले आणि विचार करू लागले. हेवा करणारा माणूस काय चोरील? ज्याचा हेवा वाटतो ते. म्हणजे डोळा. याबाबतीत त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. ते स्वतः तज्ज्ञ होते. निव्वळ खोडी काढायची असती, तर माणसानं हाताला येईल तो व्हॉल्व्ह उपटला असता, आणि स्क्रू चारी परत पिळत बसला नसता. आणि सेट बंद पाडायचा, तर असा व्हॉल्व्ह नेला असता की सगळाच अंधार व्हावा.

या चोरानं सेटमधून फक्त आवाज काढून घेतला होता. डोळा ठेवला होता. डोळ्याला जे जे लागतं, तेही ठेवलं होतं. म्हणजे चोराला आवाजाशिवाय चालणार होतं, पण डोळ्याशिवाय नाही.

जगात असा कोण रेडिओ ऐकणारा असेल, ज्याला आवाजाशिवाय चालतं?

मग त्यांना फडक्यातले डॉक्टर आठवले, फोन आठवला, खिडकीसमोरची खुर्ची आठवली. ‘मिशीतल्या मिशीत काय बोलता’ आठवलं. पुरावा होता, पण कंपनीत ते म्हणत तसं, राखेवर कुणाची सही नव्हती. खात्री करायची तर एकच मार्ग होता, आणि तो वैयक्तिक नुकसानीचा होता.

त्या मिशीकडे बघून एकेकाळी गोदाममालक खरं बोलत असत. सर्व्हेयरांनी आरसा उजेडात ओढला आणि कात्री शोधली.

५

शनिवारी सकाळी त्यांच्या पत्नीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. सरांनी दार उघडलं तेव्हा तेही क्षणभर ओळख पटवत राहिले. वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या.

नेहमीच्या खुर्च्या. सर्व्हेयरांच्या तोंडावर उजेड, सरांची खिडकीकडे पाठ. सर्व्हेयर अगदी हळू आवाजात म्हणाले, की तपास काही पुढे सरकत नाही.

“हरकत नाही हो,” सर म्हणाले. “पण वा! आज तुमचं बोलणं कसं खणखणीत येतंय. मी म्हणत होतो ना, मिशीच आड यायची.”

सर्व्हेयरांनी आवाज आणखी कमी केला. डॉक्टरांबद्दल बोलले, भाच्याबद्दल बोलले. सर हो ला हो मिळवत राहिले, एकदा तर विनोदाला योग्य जागी हसलेही. मग सर्व्हेयरांनी आवाज बंदच केला. फक्त ओठ हलवले, स्पष्ट, एकेक शब्द.

व्हॉल्व्ह कुठे ठेवलाय, सर?

“मला काय माहीत, मी का चोर आहे?” सर म्हणाले, आणि त्यांची नजर अभावितपणे टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडे जाऊन आली.

“मी आवाज केला नव्हता,” सर्व्हेयर म्हणाले. या वेळी मोठ्यानं, पण त्यानं काही फरक पडत नव्हता.

सर उठले. गोल हातात घेऊन त्यांनी तो विषुववृत्तावर पिळला. उत्तर गोलार्ध डब्याच्या झाकणासारखा निघाला. आत, कापसात, व्हॉल्व्ह होता.

“आधी पक्षी गेले,” ते म्हणाले. “मग घड्याळाची टिकटिक. मला वाटलं, घड्याळच बंद पडलंय. मग ती गेली. एके पहाटे लावलं तर काही नाही. पण डोळा मिटला. त्याच जागी, त्याच वेळेला, रोज मिटायचा. ती बोलतेय हे मला दिसत होतं. मग ऐकायचं राहिलं काय?”

“आणि मासळीचा भाव?”

“तो मी सांगायचो. समुद्र म्हटला की मासळी स्वस्त-महाग होणारच, वारा पडणार-उठणार. कधी चुकल्याचं तुमच्या कुणाच्या कानावर आलं का?”

कानाला यंत्र का लावत नाही, हे सर्व्हेयरांनी विचारलं. सर म्हणाले, लांबचं ऐकणारा म्हणून गावभर मिरवलो आणि आता जवळचं ऐकायला यंत्र लावू? तुम्ही लावलं असतं?

“हिला कळलं, तर तिला वाटेल इतकी वर्षं फसवलं,” सर म्हणाले. “आणि उद्या सगळे बसणार. तुम्ही सगळे काहीतरी ऐकणार आणि माझ्याकडे बघणार. मी कुठे मान डोलावू? सेट मुका असला, तर सगळेच सारखे बहिरे. म्हणून काढला.” त्यांनी गोल सर्व्हेयरांपुढे सरकवला. “तुम्ही सांगणार ना त्यांना? तुम्हीच शोधलंत. सांगा. तुमचा हक्क आहे.”

सर्व्हेयरांनी व्हॉल्व्ह उचलला. इतकी वर्षं ज्या माणसाच्या कानांचा हेवा करून पोटात आग पडली, त्या माणसाला कान नव्हतेच. खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कोणीतरी आपलं काहीतरी ढापल्यासारखं वाटलं; इतका जपून वाढवलेला मत्सर, आणि तो ठेवायला आता जागाच उरली नाही.

त्यांनी व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

“उद्या सेट बोलणार,” ते सरांच्या समोर तोंड करून म्हणाले. “वहिनींनी मागून मागून एवढंच मागितलंय. तुम्ही डोळ्याकडे बघा. बाकीचं मी बघतो.”

“चोर कोण म्हणून सांगाल?”

सर्व्हेयरांचा हात सवयीनं मिशीकडे गेला, आणि तिथं काहीच नव्हतं.

६

“मी नेला होता,” रविवारी उजाडायच्या आधी, सगळे सेटभोवती जमल्यावर सर्व्हेयर म्हणाले, आणि रुमाल सोडला. “मला बेट कधी मिळालं नाही. यांना रोज मिळायचं. सहन झालं नाही.”

कुणीतरी निदान ‘छे छे’ म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. कुणी म्हटलं नाही. भाच्यानं खांदे उडवले. डॉक्टर म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आणि बोललोही होतो. वहिनी म्हणाल्या, “तरीच मिशी काढलीत. तोंड लपवायला दाढी वाढवतात, भावजी.” एवढ्यावर प्रकरण मिटलं. आपल्याविषयी इतकं एकमत आहे हे सर्व्हेयरांना ठाऊक नव्हतं.

सरांनी व्हॉल्व्ह बसवला. हेडफोन बाजूला ठेवले, कर्णा जोडला. खोलीत डायलचा पिवळा उजेड आणि हिरवा डोळा एवढंच. सर सेटकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून बसले आणि घुंडी केसाकेसानं फिरवू लागले. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. डोळा अर्धा झाला, पाव झाला, आणि मिटला.

खरखरीच्या मागून आवाज आला.

म्हातारा पुरुष होता. घोगरा, दमेकरी. दोन शब्द बोलायचा आणि खोकायचा. कागद उलटल्याचं ऐकू आलं, मग पुन्हा खोकला. कुठं बाई नव्हती. कधी निवृत्त झाली, की गेली, की लग्न करून बेट सोडून गेली, कोण जाणे. सर्व्हेयरांनाही हे ठाऊक नव्हतं.

“ऐका,” सर म्हणाले. नजर डोळ्यावर, आवाज भारावलेला. “ऐका, कशी बोलते.”

भाच्यानं तोंड उघडलं. सर्व्हेयरांनी त्याचं मनगट असं पकडलं, की ते उघडंच राहिलं. डॉक्टर एकदा सेटकडे, एकदा सरांच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला, फडक्यासारखा, आणि तो तसाच तिथं राहिला. सेटमधला म्हातारा खोकून खोकून काहीतरी निरोपाचं बोलत होता.

वहिनी हलल्या नाहीत. पाठीमागून त्यांनी अगदी हळू, कुणालाही ऐकू जाईल इतक्याच हळू, सरांना हाक मारली. सर तसेच बसून राहिले. वहिनींनी पुन्हा हाक मारली नाही.

त्या उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत सेटच्या बाजूला गेल्या आणि डायलचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा वाकून उभ्या राहिल्या. सरांनी वर पाहिलं.

“गोड आहे हो,” वहिनी म्हणाल्या. “गोड आहे मेलीचा आवाज.”

“जळतेस तू,” सर म्हणाले.

“जळणारच,” वहिनी म्हणाल्या, ओठ नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करून.

सर्व्हेयरांना सरांचा पुन्हा एकदा हेवा वाटला. या वेळी सेटचा त्यात काही संबंध नव्हता.

म्हाताऱ्यानं शेवटचं काहीतरी म्हटलं, आणि हिरवा डोळा सावकाश पूर्ण उघडला. सर त्याच्याकडे बघत होते. म्हणाले, “गेली.”